गादीची गुंडाळी आणि खालची ठकठक

आमच्या घरात भूत आहे, ही बातमी कॉलनीत सगळ्यात शेवटी मला कळली.

खरं तर मला आधीच संशय यायला हवा होता. समोरच्या दारातल्या जिजी (मूळच्या नामपूरच्या, आवाज कांदा मार्केटात लिलाव पुकारावा असा!) मी जिन्यात दिसलो की भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, मान देतात! मध्ये एका शनिवारी आमच्या उंबऱ्यावर लिंबू सापडलं. कोणाच्या तरी पिशवीतून पडलं असेल म्हणून मी त्याचं सरबत केलं आणि दारातच उभा राहून प्यायलो. जिजींनी ते पाहिलं. त्या दिवसापासून त्यांचं दार दिवेलागणीच्या आतच बंद व्हायला लागलं.

हे घडलं नाशिकला जेल रोडच्या एका जुन्या इमारतीत, लोडशेडिंगच्या काळात. पहिल्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. मी, बायको सुनंदा आणि आमची सहा वर्षांची ओवी.

ओवीचं जग आमच्यापेक्षा फार मोठ्या आवाजात चालायचं. कुकरची शिट्टी झाली की ती कान दाबून पलंगाखाली. फ्रॉकच्या मानेपाशी लेबल राहिलं तर निखारा लागल्यासारखी किंचाळायची. आणि तीच पोर पलंगावरून धडाधड उड्या मारायची, मुद्दाम भिंतीला धडकायची, "मला घट्ट दाब" म्हणून मागे लागायची. नातेवाइकांनी 'लाडावलीय' असा निकाल देऊन टाकला होता. शेवटी ऑक्युपेशनल थेरपी करणाऱ्या एका मॅडमनी सांगितलं, "ती हट्टी नाही हो. आवाज, स्पर्श, उजेड हे सगळं तिच्यावर एकदम चालून येतं. अंगाला घट्ट, सावकाश दाब मिळाला की तिला बरं वाटेल. रोज घरी व्यायाम घ्या."

व्यायाम म्हणजे काय, तर छताच्या कडीला चादरीची झोळी बांधून झोके द्यायचे. तांदळाची पिशवी ओढत खोलीभर फिरवायची. उशांवर उड्या मारायला लावायच्या. आणि शेवटी पोरीला गादीत गुंडाळून (डोकं बाहेर!) वरून हळूहळू दाबायचं. उजेड टोचतो म्हणून पडदे ओढलेले. आवाज सोसत नाही म्हणून सगळं कुजबुजत.

आता हेच बाहेरून पाहा. तिन्हीसांजेची वेळ. वीज गेलेली. आत एकच मिणमिणता दिवा आणि पडद्यावर सावली. छताला टांगलेलं गाठोडं, त्यातून लोंबणारे दोन छोटे पाय, संथपणे इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग धप्! मग काहीतरी जड फरफटत नेल्याचा आवाज. आणि मग अगदी बारीक, हसरा आवाज, "अजून घट्ट... अजून घट्ट, बाबा..."

जिजींच्या जागी मी असतो तर त्याच रात्रीची एसटी पकडून नामपूर गाठलं असतं!

पण आमच्याही घरात एक भीती होतीच.

"खालून कोणीतरी ठोकतं," ओवी एके दिवशी म्हणाली.

आमच्या खालचा फ्लॅट बंद होता. दाराला कुलूप, कुलपाला गंज. मालक घोटीचे कोणी तांदळाचे व्यापारी आहेत एवढंच ऐकून होतो.

"कोण ठोकतं गं?" सुनंदाने विचारलं.

"माहीत नाही. आपण थांबलो की तेही थांबतात."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"पाइपात पाणी वाजत असेल," मी म्हणालो.

"नळाला पाणी कुठंय?" सुनंदा म्हणाली. (काही गोष्टी बोलून दाखवायलाच हव्यात का!)

त्या संध्याकाळी ओवी गादीत जाईना. गादी नुकतीच पिंजून आणलेली, वर नवं पांढरं कापड. "वास वेगळा येतोय. आधी तू जा."

गेलो. मायलेकींनी मला गुंडाळलं. डोकं बाहेर राहायला हवं होतं, पण मी उंचीने बेताचा, गादी माझ्याहून लांब. त्यात माझ्या पोटामुळे गुंडाळी सारखी सुटत होती, म्हणून ओवीने सुनंदाला वरून ओढण्या बांधायला लावल्या, एक छातीवर, एक गुडघ्यांवर. (बांधायचं मॅडमनी मुळीच सांगितलेलं नव्हतं. हा आमचा घरगुती शोध!)

"कसं वाटतंय?" सुनंदाने विचारलं.

"छान!" मी कापसातून म्हणालो.

तेवढ्यात वारा सुटला. "अगं बाई, गच्चीवरचे कपडे!" म्हणत सुनंदा पळाली. मागे दार धाडकन आपटलं. लॅचचं दार. किल्ली आत. आणि वीज गेली.

गादीतला अंधार बाहेरच्या अंधारासारखा नसतो. तो तोंडाला चिकटतो. माझाच श्वास मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटायला लागला, अगदी कानाजवळ कोणी धापा टाकतंय असा. छातीत तर ढोल वाजत होता. कापूस कुरकुरत होता. कानाखाली गादीचा एकच पदर, त्याखाली फरशी, आणि त्या फरशीतून आलं...

ठक.

"ऐकलंस?" ओवी शांतपणे म्हणाली.

"ओवी, सोड मला."

"हलू नकोस. हललास की ते ठोकतात."

मी हललो. ठक! ठक! ठक! थेट माझ्या कानाखाली. मी दगड झालो. ठकठक थांबली. मग खालून, फार खोलातून, लांबवलेला आवाज आला, "कोन हाय तूऽऽ... काय पायजेल तुलाऽऽ..."

मी ओरडलो. जिवाच्या आकांताने ओरडलो! पण कापसातून बाहेर पडेपर्यंत त्या ओरडण्याची घुमती डरकाळी झाली असावी, कारण दाराबाहेरून लगेच जिजींचा आवाज आला, "उना वं माय! उना!" म्हणजे, आला एकदाचा!

"अहो! दार उघडा!" सुनंदाने दार बडवायला सुरुवात केली. तिच्या जोडीला जिजींनीही बडवलं.

तेव्हा मात्र माझी भीती बदलली. दारावरची ती धडधड ओवीला कशी वाटत असेल, ते मला गादीत पडल्या पडल्या प्रथमच कळत होतं. माझ्याच कवटीवर कोणी हातोडा मारावा तसं. एरवी अशा वेळी ती कोपऱ्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटायची. अंधार, एकटी पोर, आणि बाप बांधलेला! ती बारीक कण्हायला लागली.

"ओवी," मी म्हणालो, "माझ्यावर ये. आडवी हो. जड हो."

ती आली. तिचं सगळं वजन माझ्यावर पसरलं. तिचा कण्हण्याचा आवाज हळूहळू विरत गेला.

"बाबा, तुझ्या छातीत खूप वाजतंय," ती म्हणाली. "श्वास सोड. मॅडमसारखा. फुंकर घातल्यासारखा."

मी फुंकर घातली. तोंडात कापूस गेला.

"आता मी दार उघडते. पण कानांना बांधायला काहीतरी पाहिजे."

तिने माझ्या गुडघ्यांवरची ओढणी सोडली, कानांवरून डोक्याला गुंडाळली आणि तिची पावलं दाराकडे गेली. कुकरच्या शिट्टीला भिणारी माझी मुलगी त्या सगळ्या धडधडीच्या दिशेने चालत गेली! माझे डोळे भरून आले. मला उठून तिला जवळ घ्यायचं होतं. पाय अर्धवट मोकळे झाले होते. मी कसाबसा उभा राहिलो. छातीवरची ओढणी तशीच होती.

दार उघडलं.

बॅटरीच्या उजेडात दारातल्या मंडळींना जे दिसलं ते असं. डोक्याला फडकं बांधलेली एक मुलगी. तिच्यामागे, डोकं नसलेला, हात नसलेला, पांढरा, जाडजूड खांब. आणि तो टुणटुण उड्या मारत पुढे येतोय!

जिजी जिन्यात बसल्या. त्यांच्यामागे एक अनोळखी गृहस्थ झाडूचा दांडा उगारून उभे होते. त्यांनी विचारलं, "क... काय पायजेल तुला?"

माझ्या घशात कापूस अडकला होता. मी खरं ते सांगितलं.

"पाणीऽऽ!"

जिजी आडव्याच झाल्या.

त्यांना शुद्धीवर आणून, मला सोडवून, सगळ्यांना चहा होईपर्यंत उलगडा झाला. ते गृहस्थ म्हणजे घोटीचे शेठ. "पुढचं कुलूप गंजलंय, म्हनून मागल्या दारानं येतोय रोज. तांदूळ ठेवलाय हितं. वर रोज धपाधप, फरफट! वाटलं, हाय काहीतरी. लय ठोकलं दांड्यानं. मंग आमच्याकडचं एक म्हातारं म्हनलं, नुसतं ठोकू नको, काय पायजेल ते इचार."

म्हणजे आम्ही त्यांचं भूत, ते आमचं. आणि जिजींना दोन्ही!

सुनंदाने त्यांना व्यायाम समजावून सांगितले. जिजींनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आधी सांगतीस ना बाई. मी माझा कुकर जरा दार लावून लावला असता." आणि त्या दिवसापासून खरंच तसा लावायला लागल्या.

पुढच्या खेपेला मॅडमनी ओवीला विचारलं, "काय गं, घरी व्यायाम कसे चाललेत?"

"माझे चांगले चाललेत," ओवी म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवून तिने मोठ्या काळजीने आवाज खाली आणला. "याला गादीत फार वेळ ठेवू नका. हा रडतो."