फोन बदला, असं मी म्हणालो

आजवर मी जे जे लिहिलं त्यात आरोपी कायम दुसराच कोणी होता. ठेकेदार, बाबू, नगरसेवक, कधी आपल्यातलेच गप्प बसणारे. पत्रक लिहायचं म्हणजे काय — नाव घ्यायचं, चूक सांगायची, मागणी ठेवायची आणि खाली ठळक अक्षरात निषेध ठोकायचा. हाताला तेच वळण लागलंय. आज आरोपीच्या जागी मी आहे. आणि खरं सांगू? हात अडखळत नाहीये, उलट भराभर चाललाय. जे घरी नाही, दोस्तांत नाही, विहारात तर नाहीच नाही, कुठेच बोललो नाही, ते आज तुमच्यासमोर ठेवतोय.

पण आधी आम्ही कोण ते ऐका, नाहीतर गुन्हा केवढा ते कळणार नाही.

आम्ही भिलाईची पोरं. आजोबा विदर्भातून आले, कोणी स्टील प्लांटात लागले, कोणी रेल्वेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. दर रविवारी विहाराच्या हॉलमध्ये आमची बैठक असते आणि तिचा एक जुना रिवाज आहे. कुठलंही पत्रक छापायला देण्याआधी तिथे मोठ्याने वाचायचं. मग प्रत्येकाने त्यातला एक दोष सांगायचा. स्तुती बंद. "छान आहे" असं जो म्हणेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. आणि ज्याने लिहिलं त्याने तोंड उघडायचं नाही. बचाव नाही, खुलासा नाही. जुने लोक म्हणायचे, ज्याला आपल्या माणसांचं ऐकवत नाही तो साहेबापुढे काय उभा राहणार?

या रिवाजावर मी वाढलो. मला तो आवडायचा — खरं तर दोष काढायचा भाग आवडायचा.

मग आमच्यात वेबसाइटचं वेड शिरलं. काय दिवस होते ते! फुकटचे व्हिडिओ बघून, एकमेकांचं चोरून, एकाच जुन्या लॅपटॉपला चौघं चिकटून शिकलो. मी पहिल्यांदा एक ओळ लिहिली आणि ती निळ्या रंगात पडद्यावर उमटली तेव्हा खुर्चीवरून उडालोच. छापखाना नाही, शाई नाही, गठ्ठे वाहणं नाही, आणि आपला शब्द थेट माणसाच्या खिशात! जयंतीचं पेज, रक्तदानाचं पेज, कोणाच्या मामाच्या टेलरिंगचंही पेज. आणि रिवाज तोच. पत्रकासारखं पेजही रविवारी हॉलमध्ये लावायचं आणि दोष ऐकायचे.

या चिरफाडीत माझी दहशत होती. एकाच्या पेजवर फुलं हलत होती, त्याला विचारलं, लग्न कोणाचं आहे आणि जेवण किती वाजता. दुसऱ्याने पिवळ्यावर पांढरी अक्षरं घातली होती, त्याला म्हटलं, तू गुपित लिहिलंस की निवेदन? हॉल खिदळायचा. मी म्हणायचो, हे प्रेम आहे, आपण एकमेकांना घडवतोय. आणि ते खोटं होतं असंही नाही. पण माझी पाळी आली की मलाही ते प्रेमच वाटायचं का — ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तेव्हा आमची अभ्यासिका जाणार होती. प्लांटच्या एका जुन्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, टेबलं, पंखे, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. क्वार्टर रिकामं करा, असा निरोप आला होता. आम्ही ठरवलं, लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं की ही जागा त्यांना का हवी. आया, बाप, पोरी, ज्यांनी तिथे बसून नोकरी मिळवली ते. एक पेज करायचं, तिथे सगळ्यांनी लिहायचं, आणि ते सगळं घेऊन अधिकाऱ्यांपुढे जायचं. पेज करायचं काम मी मागून घेतलं. दुसऱ्या कोणाला देऊच दिलं नाही.

आता माझी चूक ऐका. ही चूक पत्रकवालाच करू शकतो. मला मथळा हवा होता अगदी छापील पत्रकासारखा. तीच तिरकी, जाड अक्षरं, तोच लाल पट्टा. ती अक्षरं पेजवर काही केल्या तशी उमटेनात. मग मी काय केलं, अख्खं पत्रक तयार केलं, त्याचा भलामोठा फोटो बनवला आणि तोच पेजवर चिकटवून दिला. वर फोटो, त्याच्या खाली लिहायची जागा. लॅपटॉपवर असा भारी दिसायचा की मी स्वतःच त्याच्याकडे बघत बसायचो.

शनिवारी संध्याकाळी बाबांच्या फोनवर, वायफाय न लावता, उघडून पाहिलं. पांढरं. नुसतं पांढरं आणि मध्ये गोल फिरतोय. थांबलो. बाहेर गॅलरीत जाऊन पाहिलं. पांढरंच. फोटो इतका जड होता की साध्या फोनला पेलवत नव्हता, आणि तो येईपर्यंत खालची लिहायची जागाही येत नव्हती. म्हणजे मला माहीत होतं. हे नीट वाचा — शनिवारी संध्याकाळीच मला माहीत होतं. मी फोन बाबांना परत दिला आणि जेवायला बसलो.

रविवारी हॉलमध्ये पेज लॅपटॉपवरून भिंतीवर टाकलं. लिंक शनिवारी दुपारीच सगळ्यांना गेली होती, पण बहुतेकांनी पेज भिंतीवरच पहिल्यांदा पाहिलं. दोष आले ते किरकोळ. लाल जरा जास्त आहे, फोन नंबर वर घ्या. मग प्रणाली उठली.

प्रणाली बोरसी वस्तीतली. वडील दुर्ग लाइनवर गँगमन, आई शाळेत मुलांचं जेवण रांधायची. आमच्यात सगळ्यात नवी, कॉलेजला जाणारी, कमी बोलणारी. पण तिची नजर! तिने केलेली पेजं साधी असायची, आणि कुठेही, कशावरही उघडायची. मला ते कळत होतं. कळत होतं म्हणून तर मी ती उठली तसा सावध झालो.

ती म्हणाली, "दादा, तुमचं पेज माह्या आईच्या फोनवर उघडूनच नाही राहिलं. पांढरंच राहते. आईले लिहाचं होतं, ते सकाळपासून धरून बसली होती."

आणि मग तिने कारणही सांगितलं, अगदी शांतपणे. हे पेज नाही, हा पत्रकाचा फोटो आहे. अक्षरं खरी अक्षरं नाहीत, मोठी करायला गेलं की फाटतात, ज्याला दिसत नाही त्याला फोन ती वाचून दाखवू शकत नाही. फोटो काढा, शब्द शब्दांसारखे लिहा, लिहायची जागा सगळ्यात वर घ्या. झालं. एवढंच. त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. त्या हॉलमध्ये त्याहून चांगली टीका मी ऐकली नाही, ना आधी, ना नंतर.

रिवाजाप्रमाणे मी मान खाली घालून ऐकायला हवं होतं ना?

मी उठलो. खिशातून माझा फोन काढला. पेज मी सकाळी घरच्या वायफायवर उघडून ठेवलं होतं, पूर्ण, वरपासून खालपर्यंत. बंदच केलं नव्हतं. का ठेवलं होतं तसं? सहज? नाही. कोणीतरी विचारेल हे ठाऊक होतं म्हणून. तो फोन मी उंच धरला, सगळ्यांना फिरवून दाखवला. आमच्या हॉलमध्ये नेटवर्क नावालाच येतं, हे सगळ्यांना माहीत. म्हणून तर कोणी आपापल्या फोनवर बघायच्या भानगडीत पडलं नाही. मी म्हणालो, या हॉलमध्येसुद्धा उघडतंय, बघा. आणि मग प्रणालीकडे बघून म्हणालो, "पेज नाही, काकूचा फोन बदला."

हॉल हसला. कोणीतरी मागून म्हणालं, म्युझियममध्ये द्या तो. पुन्हा हसले. मी एवढ्यावरही थांबलो नाही. मी पत्रकवाला, मला शब्द कुठे कमी पडतात? म्हणालो, अभ्यासिका हातातून चालली आहे आणि आपण अक्षरं फाटतात का ते मोजतोय, लढ्याच्या वेळी खुसपटं काढणारे कोणाच्या कामाचे ते ओळखा. एका पोरीने बरोबर दोष सांगितला होता, आणि मी तिला जवळजवळ समोरच्या बाजूचं करून टाकलं. तेही आपले शब्द वापरून. जे शब्द आपल्या लोकांनी ज्यांच्यावर चालवायला घडवले ते मी तिच्यावर चालवले.

ती बसली. कोणी तिला पुन्हा बोल म्हटलं नाही. रिवाज मी मोडला होता, आणि तो मोडलाय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, इतका माझा आवाज चढला होता.

दुसऱ्या दिवशी दार लावून मी पेज दुरुस्त केलं. फोटो काढला. शब्द शब्दांसारखे लिहिले. लिहायची जागा वर घेतली. लाल पट्टा आणि रूप मात्र तेच ठेवलं, बदल कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. म्हणजे तिने सांगितलं तसंच, त्याच क्रमाने. बाबांच्या फोनवर पेज झटक्यात उघडलं आणि — हेही सांगायलाच हवं — मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. तिच्या बुद्धीवर मी एकटाच खोलीत नाचत होतो. कोणाला सांगितलं नाही.

लोकांनी धो धो लिहिलं. रिटायर झालेले फोरमन, नर्सिंगच्या पोरी, एका आजीने नातवाकडून लिहून घेतलं. आम्ही ते सगळं घेऊन गेलो, वाद घातला, बसून राहिलो, आणि अभ्यासिका राहिली. जय भीमच्या घोषणा झाल्या, मला खांद्यावर घेतलं. सगळे म्हणाले, पेज असावं तर असं. त्या गर्दीत प्रणालीही टाळ्या वाजवत होती. मी पाहिलं.

इथवर असतं तर मी कदाचित लिहिलंच नसतं. वाटलं असतं, झालं गेलं, काम तर झालं. पण या उन्हाळ्यात नवी पोरं आली. त्यांना टीका कशी करायची ते शिकवायचं होतं. सगळ्यांनी प्रणालीचं नाव सुचवलं — ती एव्हाना जुनी झाली होती, हुडको कॉलनीतल्या एक-दोन दुकानांची पेजंही तिने केली होती. ती पुढे उभी राहिली आणि पोरांना म्हणाली की पहिला नियम, दुसऱ्याच्या कामावर बोलायच्या आधी आपली बाजू तपासा. आणि तिने स्वतःचीच गोष्ट सांगितली. हसत हसत. की मी एकदा भर बैठकीत दादांचं पेज उघडत नाही म्हटलं, आणि निघाला आईचा फोनच खराब. लाजेनं मी ते पेज पुन्हा पाहिलंच नाही, आईलाही उघडू दिलं नाही. आईला महिनाभर कुरकुर करून नवा फोन घ्यायला लावला, जुना दुकानात देऊन टाकला, आणि नव्यावर पाहते तर काय, पेज एका सेकंदात हजर.

समजलं ना काय झालं? मी तिच्याच सांगण्यावरून पेज सुधारलं, आणि त्या सुधारलेल्या पेजनेच तिला पटवून दिलं की ती चुकली होती. माझं खोटं माझ्या कामाने खरं करून दाखवलं.

मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "दादा, तुम्ही काय म्हटलं होतं तवा? सांगा ना या पोरायले."

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. ती हसत होती. ती जागा होती बोलायची, यापेक्षा चांगली मिळाली नसती. आणि मी म्हणालो, "पेज नाही, काकूचा फोन बदला." त्याच आवाजात. हॉल पुन्हा हसला.

पहिल्यांदा मी घाबरून खोटं बोललो होतो. या वेळी भीती कसली होती? कोण मला खाणार होतं? त्या दिवशी तर मी नुसता टाळ्यांसाठी बोललो.

तर हे घ्या, ठळक अक्षरांची गरज नाही. पेज उघडत नव्हतं. मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. हॉलमध्ये दाखवलेला फोन आधीच उघडून आणलेला होता. अभ्यासिका ज्या पेजमुळे राहिली ते प्रणालीने सांगितल्याप्रमाणे केलेलं होतं. एका कष्टकरी बाईच्या फोनची टर उडवून मी लोकांना हसवलं, दोनदा. येत्या रविवारी पत्रकवाचनाच्या आधी हे सगळं मीच वाचणार आहे, तिच्यासमोर, नव्या पोरांसमोर, आणि मग प्रत्येकाने दोष सांगावेत, मी तोंड उघडणार नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, बैठकीत माझी जागा राहील की नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं.

हे आजच लिहायला का बसलो, तेवढं सांगून थांबतो. काल मी नवं पेज सगळ्यांना तपासायला पाठवलं होतं. प्रणालीचा मेसेज आला: "दादा, खालचं बटन दिसून नाही राहिलं. पण माह्याच फोनचं असन, तुम्ही टेन्शन नका घेऊ."

मी बाबांचा फोन घेतला, शेजारच्या काकांचा घेतला, उघडून पाहिलं. बटण कुठेच नव्हतं.