मांडीवरचं केळीचं पान

गरम भात पडला की केळीच्या पानाला जो वास सुटतो, त्याने मला वसईचा तो दवाखाना आठवतो. आईचा हात भाजला होता आणि मांडीची कातडी काढून तिथे लावली होती. ती धरेलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. मांडीच्या जखमेवर त्या उकळून घेतलेलं केळीचं पान बांधत. ते चिकटत नाही, यावरच त्यांचा अभ्यास चालला होता. पानं आमच्या सांडोरच्या वाडीतली. हाताची पट्टी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. आईच म्हणाली, “अहो डॉक्टर, पान मांडलंत, भात कधी वाढणार?” त्या हसल्या आणि पट्टी सोडली. कातडी धरली होती. आज तेराव्याला आईच्या नावाचं पान मांडलं आणि सगळ्यात आधी भात वाढला.