तासाचा भाव

अकोल्याच्या एका ठेकेदाराकडे मी बरीच वर्षं वायरिंगची कामं केली. आमच्याकडे या कामाचा भाव पॉइंटवर ठरतो. एक दिवा म्हणजे एक पॉइंट, एक पंखा म्हणजे एक पॉइंट, आणि शेवटी ते मोजून घरमालक पैसे देतो. बिघाड शोधण्याचा मात्र पॉइंट नसतो. भिंतीत कुठेतरी वायर जळालेली असते, ती हुडकण्यात अर्धा दिवस जातो, आणि मालक म्हणतो, एवढीशी तर वायर जोडली. याचा मला मनस्वी राग होता. म्हणून नोकरी सोडून अमरावतीत स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा एक घाव दोन तुकडे करून टाकले. मी तासावर पैसे घेणार, तासाला अडीचशे.

बायको म्हणाली, नवीन आहात, दोनशेच ठेवा. पेट्रोल, मुलीची फी, पावसाळ्यातले रिकामे दिवस, सगळं धरून मी तो आकडा काढला होता, त्यामुळे मी काही ऐकलं नाही. घोड्याने घासाशी दोस्ती केली तर खाणार काय, असं तिला वर सुनावलंही. नव्या धंद्यात माणसाच्या तोंडी म्हणी फार येतात.

वऱ्हाडात कामाला आलेल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. तासाचा भाव लावला आणि माझा चहा बंद झाला. चहा पिण्याचा वेळ कोणाचा, माझा की त्यांचा, हे कोणालाच ठरवता येईना, तेव्हा लोकांनी विचारणंच सोडलं. मी बोर्ड उघडून विचार करत उभा राहिलो की घरातलं कोणीतरी येऊन डोकावून जायचं. उभं राहण्याचे पैसे घेतो की काय हा, असं त्या नजरेत स्पष्ट असायचं. मग मी विचार करतानाही उगाच एखादा स्क्रू सैल करून परत आवळत बसायचो. स्वतःची लाज वाटायची, पण हात हलता ठेवायचो.

हिवाळा संपत आला होता तेव्हा दर्यापूर रोडवरच्या एका मळ्यातून फोन आला. विहिरीवरची मोटर बंद पडली होती. नवरा-बायको दोघंच भाजी पिकवायचे आणि पहाटे मेथी, पालक हौदावर धुऊन अमरावतीच्या बाजारात पाठवायचे. मी पोचलो तेव्हा मावशी हौदाजवळ मेथीच्या जुड्या बांधत होती. काकांनी भाव पुन्हा एकदा विचारून घेतला, मोबाइलवर वेळ पाहिली आणि बाजेवर माझ्याकडे तोंड करून बसले.

मोटरच्या स्टार्टरमधले, वीज जोडणारे पॉइंट जळाले होते. ते बदलून मोटर सुरू केली आणि सवयीने हौदाच्या लोखंडी पाइपाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मोटरची जुनी वायर पाइपाला घासून सोलली होती आणि अर्थिंगचा पत्ताच नव्हता. म्हणजे मोटर चालू असताना त्या पाइपाच्या नळाला जो हात लावेल त्याला झटका, आणि हौदावर पाय सदा ओले. मी लगेच मोटर बंद केली आणि काकांना सगळं समजावून सांगितलं. वायर बदलायची, खड्डा खोदून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करायचं, अजून तीनेक तास लागतील.

काकांनी मोबाइल पाहिला. मोटर चालू झाली ना, मग बाकीचं पुढच्या महिन्यात पाहू, असं म्हणून त्यांनी खिशातून एका तासाचे पैसे काढले. मावशीचे हात मेथीत चालूच होते.

मी पैसे घेतले नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती. घड्याळ बंद समजा, म्हटलं, स्टार्टर, वायर, अर्थिंग, सगळ्या कामाचे ठोक सहाशे द्या, कितीही वेळ लागो. काका बाजेवरून उठले.

"आता कसं बोलले," ते म्हणाले. "हे पह्यलेच सांगाचं ना, भाऊ."

घासाघीस होऊन साडेपाचशेवर ठरलं. आणि मग तो माणूस पार बदलला. स्वतः कुदळ घेऊन माझ्याबरोबर खड्डा खोदायला लागला, कोळसा कुटून दिला, मीठ आणलं. मावशीने न विचारता चहा ठेवला. काळ्या मातीत कंबरेइतकं उतरून आम्ही दोघं घामाघूम झालो होतो आणि काका मला सोयाबीनचे भाव सांगत होते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मला कोणाच्या घरी कामाला आल्यासारखं वाटलं. हिशेबाने मी बुडालो होतो, पण त्या घडीला त्याचं काही वाटत नव्हतं.

काम झाल्यावर मोटर सुरू केली. टेस्टर पेटला नाही. मी स्वतः नळाला हात लावून पाहिला, मग मावशीला बोलावलं. तिने आधी बोटाच्या टोकाने नळाला शिवून पाहिलं, मग हळूच अख्खा हात ठेवला.

"काईच नाई लागून राह्यलं," ती म्हणाली.

पूर्वी लागायचं का, असं मी विचारलं. रोजच मुंग्या यायच्या, ती म्हणाली, आणि कधीमधी हात झटकून निघायचा. मग मी जरा चिडूनच बोललो की मावशी, हे अंगावर काढायचं नसतं, कोणाला सांगायचं तरी.

"सांगतलं नं. दिवाईतच सांगतलं म्या यायले," ती काकांकडे न पाहता म्हणाली. "यायनं तुमालेच फोन लावला होता, भाऊ. तुमी तासाचा भाव सांगतला. मंग हे म्हणे, करंट शोधाले तो किती तास बसन, काय भरोसा? मोटर बंद पडन तवा बलावू."

काका कुदळीची माती काढत राहिले.

मी तो फोन आठवायचा प्रयत्न केला, पण आठवला नाही. तसे फोन खूप यायचे. लोक भाव विचारायचे, सांगतो म्हणायचे आणि ठेवून द्यायचे, आणि मी म्हणायचो, जाऊ दे, याला कामाची कदर नाही. भाव मी आधी सांगायचो आणि काय बिघडलंय ते नंतर विचारायचो. तोवर फोनवर कोणी थांबलेलं नसायचं.

अडीचशे हा भाव चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण मावशी दिवाळीपासून रोज पहाटे त्या नळाला ओला हात लावत होती, कारण काकांनी माझा भाव ऐकून फोन ठेवला होता.