अकरा वाजताची भूक

९ जुलै २०२४. धनजच्या शिवारातल्या त्या वावरात निंदणाला अकरा बायका होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या पोटात सहा महिन्यांचा जीव. एकूण बारा.

अकराच्या सुमारास केशरबाईच्या ध्यानात आले की पातीच्या, निंदणाऱ्या बायकांच्या रांगेच्या, पलीकडच्या टोकाचा विळा थांबला आहे. मग त्याच्या शेजारचा थांबला. मग तिसरा. कुणी हाक मारली नव्हती, कुणी पाणी मागितले नव्हते. सोयाबीनच्या तासांमागून कुणी न दिसणारे चालत यावे आणि एकेकीच्या खांद्याला हात लावत पुढे सरकावे, तशा बायका मुक्याने थांबत आल्या. होता होता पाळी केशरबाईच्या पोटुशी सुनेची, नीलिमाची, आली. तिने विळा खाली ठेवला.

"आत्या, भूक लागली."

"आत्ता तं जेवली तू. नऊ वाजता."

"जेवली," नीलिमा म्हणाली. "पन थे कोनं तरी खाऊन टाकलं."

पातीतली सर्वांत म्हातारी भागिरथा बांधाजवळच्या बुजलेल्या विहिरीकडे न पाहता बोलली, "याच वावरातली हाये थे. उपाशी मेलती. भरल्या पोटाची बाई दिसली का वाटा मांगते."

"मंग तुले काहून नाही मांगत व?" केशरबाईने विचारले.

"माह्यात काय हाये तिले खायाले? नुसती हाडकं."

बायका हसल्या, पण त्या हसण्यात बळ नव्हते.

केशरबाई भूतखेत मानणारी नव्हती. छप्पनच्या धम्मदीक्षेबरोबर तिच्या घराने देव सोडले होते. भुते ठेवण्याचे कारण उरले नव्हते. तरीही ती धास्तावली. भर दुपारी भाताचे पातेले रिकामे सापडे. नीलिमा शेजारी बसलेली असे, आणि आपण केव्हा जेवलो हे तिला सांगता येत नसे. एकदा केशरबाईने सुनेचा जबडा हलताना पाहिला. तोंडात घास नव्हता.

दवाखान्यातल्या तपासणीत नीलिमाच्या रक्तात साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. केशरबाईने त्याच दिवशी तिचा चहा बिनसाखरेचा केला, आंबा बंद केला, गुळाचा डबा शेजारी देऊन टाकला. आणि तिन्ही वेळा तिला पांढरा, मऊ भात वाढला. हे अज्ञान होते, पण निव्वळ अज्ञान नव्हते. केशरबाईच्या लहानपणी भात म्हणजे सण, तोही दुसऱ्यांच्या घरचा. तिच्या वाट्याला जवारीची भाकर. आपल्या घरातल्या गरवार बाईच्या ताटात जवारी पडणार नाही, असे तिने कधीचेच ठरवले होते. रेशनचा तांदूळ तिच्या लेखी कुणाची दया नव्हती, हक्क होता.

गावातली आशा कार्यकर्ती धम्मदीपा एका सकाळी साखर मोजायचे यंत्र घेऊन आली. भात खाल्ल्यावर तासाभराने तिने नीलिमाचे बोट टोचले. दोनशे अठरा. वस्तीत फिरून ती पुन्हा आली, तेव्हा आकडा बराच उतरला होता आणि नीलिमा पातेल्याकडे टक लावून पाहत होती.

"काकू, तुमी गोड बंद केलं, पन भाताची बी पोटात साखरच होते. अन् लवकर होते. रगतात एकदम चढते, मंग आंग तिले खाली वढते, का भूक परत उभी. जवारीची भाकर हळूहळू इरघळते, म्हनून पुरते. गोळी चालू ठेवा, पन ताट बदला. भाकर, दाळ, भाजी."

"म्हंजे वावरातलं कोनी नाही?"

"वावरातलं नाही. थे कोपऱ्यात बसलं पाहा."

केशरबाईने वळून पाहिले. तांदळाचे पोते भिंतीला टेकून, मान खाली घालून बसल्यासारखे दिसत होते.

"अन् बाळ?" तिने हळूच विचारले.

"थे बी तेच खाऊन राह्यलं. फार वाढलं तं बाळंतपनात दोघायच्या जिवावर येईन."

गावात जवारी आता कुणी पेरत नव्हते. कारंजाच्या बाजारात ती गव्हाहून महाग. बैलांच्या कडब्यासाठी दोन एकर पेरणारे एकच घर उरले होते, जुन्या शेतमालक घराण्यातल्या नरेंद्रचे. केशरबाईचे माहेरही याच गावचे, पण त्या घराच्या अंगणात ती चाळीस वर्षांत गेली नव्हती. त्या दिवशी गेली.

"वीस किलो जवारी पाह्यजे, भाऊ. सुनेसाठी."

"घेऊन जा," नरेंद्र म्हणाला. "पोटुशीसाठी हाये. पैसे नको, पुन्य लागन."

"दान नाही नेत मी." ती पायरीखाली उभीच राहिली. "तुमच्या आज्याच्या खळ्यावर माह्या मायनं बारा वर्सं राबून काढली. मजुरी म्हनून शिळी भाकर भेटे, थे बी दुरून टाकलेली. थ्या मजुरीतले वीस किलो नेतो मी."

"त्याचा हिसाब कोनं ठेवला व?"

"मी ठेवला."

नरेंद्र उठून कोठीकडे गेला. मग त्याने जवारी मोजली आणि थैली तिच्या हातात दिली.

पुढच्या निंदणातही अकराला विळे एकेक करून थांबत आले. नीलिमाजवळ आल्यावर ते थांबणे तिला ओलांडून पुढच्या बाईकडे गेले. नीलिमाने मान वर केली नाही. बाकीच्यांच्या घरी आजही तांदूळच शिजतो, आणि अकरा वाजता त्या बायका भीतीने मागे वळून पाहत नाहीत.

ऑक्टोबरात नीलिमाला मुलगी झाली. दोघी जिवंत आहेत. केशरबाईच्या आईच्या बारा वर्षांच्या मजुरीतली वीस किलो जवारी मिळाली. बाकीची मजुरी अजून दिली गेलेली नाही.