कापताना काढून ठेवलेला पट्टा

कपड्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. एकवीस वर्षं ती कापड कापत होती. बारा थर एकावर एक पसरायचे, टेबलावर ओणवं व्हायचं आणि खडूच्या रेघेवरून कात्री न्यायची. कात्री चळली की एकदम बारा शर्ट वाया.

दोन वर्षांपासून कापता कापता तिला काहीतरी व्हायचं. छाती धडधडायची, डोकं ठणकायचं, पाठ घामानं भिजायची, आणि आत कशाचीच नसलेली भीती उभी राहायची. दहा मिनिटांत सगळं ओसरायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तदाब शहाण्या मुलासारखा. डॉक्टर म्हणाले, वय. नवरा म्हणाला, "कात्रीला घाबरतेस की मालकाला, ते एकदा ठरव." आधी तीही हसली. मग आपण कशाला घाबरतो ते शोधायला लागली, आणि रोज काही ना काही सापडायला लागलं.

मालकांनी बरं व्हायला महिन्याची मुदत दिली. नाहीतर बटणांच्या टेबलावर. ते काम वाईट नव्हतं, तिचं नव्हतं इतकंच.

नव्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला एक पट्टा बांधला. दर वीस मिनिटांनी तो आपोआप फुगायचा, दंड आवळून रक्तदाब मोजायचा. दोन दिवसांनी त्यांनी आलेख पाहिला. सगळं ठीक, फक्त मध्येमध्ये कोरं.

"ताई, दहा ते बारा काहीच नाही. पट्टा बंद पडला होता?"

"काढून ठेवला होता. कापताना आवळला तर कात्री चळेल ना."

"आणि त्रास कधी होतो?"

"काप..." ती थांबली.

"चोर यायच्या वेळी पहारेकऱ्याला जेवायला पाठवलंत की हो!"

दुसऱ्या दिवशी ती पट्टा बांधूनच टेबलावर ओणवी झाली. टेबलाची कड पोटात रुतली. छाती धडधडू लागली, तेवढ्यात पट्टा आवळला, कात्री गेली रेघेबाहेर. मालक धावत आले.

"ताई, अहो काय केलंत हे!"

"मालक, आधी हे वाचा. मग कापड बघा."

पट्ट्याच्या यंत्रावर वरचा आकडा दोनशे अठ्ठावीस होता.

मग लघवीची तपासणी, स्कॅन. डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत अक्रोडाएवढी गाठ निघाली. माणूस घाबरल्यावर शरीर जे रसायन सोडतं, तेच ही गाठ विनाकारण रक्तात सोडत होती. पोट दाबलं गेलं की जास्तच.

नवऱ्याने रिपोर्ट दोनदा वाचला. "म्हणजे तू घाबरत नव्हतीस."

"घाबरत होते. पण भीती आधी यायची. कारणं मी मागाहून लावायचे."

त्याने रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाला, "आणि मी ती पुरवायचो."

आधी काही आठवडे औषधं, मग ऑपरेशन. मालकांनी तिचं टेबल कुणाला दिलं नाही. तीन महिन्यांनी तिने पुन्हा बारा थर पसरले, कात्री उचलली आणि ओणवी झाली. भीती आली नाही. ताई तशीच थांबून राहिली, ती यायची वाट बघत. मग कापायला लागली.