मेट्रोतल्या बाईचं काळं झालेलं कुंकू

मित्रांनो, आज नागपूरच्या मेट्रोत समोरच्या बाईचा न विचारता फोटो काढला. खिडकीबाहेर पाहत निवांत बसली होती. नातीने शिकवल्याप्रमाणे रंग काढून तो काळा-पांढरा केला आणि कौतुकाने तिलाच दाखवला.

ती दचकली. "काकाजी, माहं कुंकू काळं काहून केलं? माहा माणूस दवाखान्यात भरती आहे, त्यायलेच भेटाले जाऊन राहिली मी."

मी घाईने मोबाईल परत घेतला. तीनदा चुकीचं बटण दाबलं, मग रंग परत आले. कुंकू लाल, बांगड्या हिरव्या.

तिने बराच वेळ पाहिलं. "आता पाठवा त्यायले. म्हणा, येऊन राहिली."

तिने सांगितलेल्या नंबरावर पाठवला. इथे टाकलेला नाही.

वरठीला घरी परतलो तरी जिवाला घोर आहे. विचारून काढला असता तर ती तशी निवांत दिसली असती का? तुम्ही आधी विचारता?