खिडकीबाहेरचं मीठ

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मी त्यांना विमानाने गोव्याला नेलं. खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मलाच मिरवायचं होतं. पेणला आमच्या आळीत तोवर कोणी विमानात बसलं नव्हतं, आणि मी आठ दिवस आधीपासून भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

बाबा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळे, आणि ते बाबांनीच. तेवढा वेळ कारखान्यातला रेडिओ बंद व्हायचा. त्या वर्षी मात्र उजेड पुरत नाही म्हणून त्यांनी मालकाला तीनदा बल्ब बदलायला लावला. म्हातारपणी माणूस कटकट्या होतो, असं मी त्यांच्या तोंडावर बोलून गेलो होतो.

गणपती झाले की कारखान्याला जरा उसंत मिळते, तेव्हा आम्ही निघालो. बाबा खिडकीशी, शेजारी आई, मी मागच्या रांगेत कडेला. विमान वर गेलं आणि बाबा सुरू झाले.

"ती बघ गो, तुझ्या माहेरची मिठागरं. राशी कशा पांढऱ्याशुभ्र! आता रोहा आला. नदी दिसली का?"

"व्हय, दिसली," आई म्हणाली.

मी मागे खूश. पाऊस नुकता सरलेला, अशा दिवसांत मिठाच्या राशी कुठून येणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. आई तर मिठागरात वाढलेली.

विमान गोव्याला उतरल्यावर मी हवाईसुंदरीला पन्नास वर्षांचं कौतुक सांगितलं, तेव्हा तिने बाबांना फोटोसाठी पायलटकडे नेलं. आई पिशव्या आवरत मागेच थांबली. पायलट मराठी निघाला, पन्नाशीचा, शाळामास्तर वाटावा असा.

"या काका. आज मात्र सगळा वेळ ढगच होते हो, खालचं काहीच दिसलं नसेल."

मी मागोमाग येऊन कॉकपिटच्या दाराबाहेर, चार पावलांवर मोबाइल काढत होतो, तसाच थांबलो. बाबांचा हात खुर्चीची पाठ चाचपत होता आणि पायलट त्या हाताकडे बघत होता.

"कधीपासून दिसत नाही, काका?" त्याने हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाली. पांढरं दिसलं, मला वाटलं मीठ हाय. नाकाशी धरलं तर जरासं दिसतं, चार हातांवरचं नाय. नजर परत यायची नाय म्हणतो डॉक्टर."

"घरी माहीत आहे?"

"बायकोला हाय. पोराला नाय. त्याला कळलं तर उद्याच कामावरून उठवील मला. हात बसलेला हाय, अजून एक वर्ष काढीन. तुम्ही नका सांगू त्याला."

पायलटने माझ्याकडे पाहिलं. तो दाराकडे वळल्याची चाहूल लागून बाबांनीही मान वळवली. मी समोर उभा होतो. त्यांना दिसलो नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"नाही सांगणार," पायलट म्हणाला.

मी पायांचा आवाज न करता मागे सरलो, सीटांमधून दहा पावलं गेलो आणि तिथून मोठ्याने हाक मारली, "बाबा, कुठे आहात?"

"इथं हाय रे," बाबा म्हणाले. "लवकर ये, फोटो काढ."